बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाची पहिली पाने मुलाबरोबर कशी वाचावीत?

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "मी आमच्या मंडळीत संडे स्कूलचा वर्ग घेते. माझा मुलगा पुण्यात भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करतो आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही कल्याणहून माळशेज घाटाने घरी येत होतो, तेव्हा त्याने मला कड्यातले थर दाखवले आणि म्हणाला, 'आई, हे खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत आणि तू मुलांना सहा दिवस शिकवतेस. शिवाय उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात आधी प्राणी आणि मग माणूस आहे, दुसऱ्या अध्यायात आधी माणूस आणि मग प्राणी. यातले खरे कोणते?' माझ्याजवळ उत्तर नव्हते. मंडळीतल्या एका ज्येष्ठ बंधूंना विचारले, तर ते म्हणाले की पहिले पान जसेच्या तसे खरे नसेल, तर प्रभूचे पुनरुत्थानही खरे राहणार नाही. आणि तेव्हापासून ते मुलाच्या मोबाइलवर रोज व्हिडिओ पाठवतात. मुलाने उपासनेला येणे सोडले आहे. पुढच्या महिन्यापासून वर्गात उत्पत्तीचे धडे सुरू होतील. मी मुलाशी काय बोलू आणि वर्गात काय शिकवू?"

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम.

आपल्या मुलाने पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले, ही गोष्ट आपण काळजीने लिहिली आहे. मला मात्र ती वाचून आनंद झाला. आपल्या मंडळ्यांमध्ये जन्मभर उपासनेला बसूनही ज्यांच्या हे कधी लक्षात आले नाही, अशी माणसे पुष्कळ आहेत. जो मुलगा पवित्र शास्त्र इतक्या बारकाईने वाचतो त्याने ते टाकून दिलेले नाही, तो त्याच्याशी झगडतो आहे, आणि अशा झगड्याला शास्त्रात याकोबापासून ईयोबापर्यंत मानाची जागा आहे.

माझे मत आधी स्पष्ट सांगतो. देवाने आकाश व पृथ्वी उत्पन्न केली, हे मी शब्दशः मानतो. मात्र पहिल्या अध्यायातले सहा दिवस घड्याळाने मोजण्यासाठी लिहिले आहेत, असे मला वाटत नाही. घाटातल्या खडकांविषयी मुलाने आपल्याला जे सांगितले ते बरोबर आहे. दख्खनचे पठार लाव्ह्याच्या एकावर एक साठलेल्या थरांनी बनले आहे आणि त्यांतला बराच मोठा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे. पुन्हा त्या घाटातून जाल तेव्हा काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा दिसतो का ते पाहा. एक थर थंड होऊन, ऊन-पाऊस खाऊन, त्याची माती होण्याइतका काळ गेला आणि मग तिच्यावर पुढचा लाव्हा पसरला, असे तो पट्टा सांगतो. पृथ्वीचे एकूण वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरले जाते. हे खडकही देवानेच केले आहेत, आणि त्यांच्यात जे दिसते ते खरे मानल्याने देवाचा अवमान होत नाही.

मग पहिला अध्याय सांगतो तरी काय? तो एकदा मुलाबरोबर मोठ्याने वाचा. पहिल्या दिवशी प्रकाश होतो, आणि सूर्य, चंद्र व तारे चौथ्या दिवशी येतात. दुसऱ्या दिवशी वरचे जल आणि खालचे जल वेगळे होऊन अंतराळ होते, आणि पाचव्या दिवशी त्या जलात मासे व त्या अंतराळात पक्षी येतात. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन व वनस्पती होतात, आणि सहाव्या दिवशी त्या जमिनीवर चालणारे प्राणी व माणूस येतात. म्हणजे पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत, त्याच क्रमाने, त्या जागा भरल्या जातात. दुसऱ्या वचनात पृथ्वी आकारविरहित व शून्य होती असे म्हटले आहे, त्यांतल्या आकारविरहिततेला पहिले तीन दिवस आणि शून्यतेला पुढचे तीन दिवस उत्तर देतात. सूर्याआधी तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी कशा झाल्या, हा प्रश्न लेखकाला सुचला नसेल असे समजणे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. ज्याने इतकी घट्ट वीण घातली, त्याला सूर्याशिवाय दिवस उगवत नाही एवढे ठाऊक होतेच. आणि सातव्या दिवसाकडे नीट पाहिले, तर 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' हे पालुपद तिथे येत नाही. तो दिवस मावळलाच नाही, आणि म्हणूनच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय देवाच्या विसाव्यात प्रवेश करण्याचे आमंत्रण अजून खुले आहे असे सांगू शकतो.

हा अध्याय कोणाच्या कानावर पडत होता, तेही मुलाला सांगण्याजोगे आहे. तो मोशेकडून आला असे परंपरा मानते. त्याला आजचे रूप यहूदी लोक बाबेलात (बॅबिलोनमध्ये) बंदिवासात होते त्या सुमारास मिळाले असे अनेक अभ्यासक मानतात. दोन्हींपैकी काहीही धरले तरी इस्राएलचे शेजारी सूर्य, चंद्र आणि तारे यांची पूजा करणारेच होते. बाबेलची सृष्टिकथा ज्या मातीच्या पाट्यांवर कोरलेली होती त्या निनवेच्या उत्खननात सापडल्या आणि जॉर्ज स्मिथ या ब्रिटिश अभ्यासकाने १८७६ मध्ये त्यांचे भाषांतर प्रसिद्ध केले. त्या कथेत मार्दुक हा देव तियामत या सागरदेवीला ठार करतो, तिचे शरीर चिरून त्याचे आकाश आणि पृथ्वी बनवतो, आणि मग देवांच्या डोक्यावरचे कष्ट उतरावेत म्हणून एका मारलेल्या देवाच्या रक्तापासून माणूस घडवला जातो. आता पुन्हा आपला अध्याय वाचा. इथे युद्ध नाही, रक्त नाही, दुसरा देवच नाही. देव बोलतो आणि होते. बाबेलचे लोक ज्यांच्यापुढे लोटांगण घालत, त्या सूर्यचंद्रांची इथे नावेसुद्धा घेतलेली नाहीत. मोठी ज्योती आणि लहान ज्योती एवढेच म्हटले आहे, आणि त्यांना दिवस-रात्र दाखवण्याचे काम नेमून दिले आहे. तारे तर जाता जाता उल्लेखिले आहेत. जेत्यांनी सांगितलेली विश्वाची कथा ऐकत परक्या देशात राहणाऱ्या लोकांना हे शब्द कसे वाटले असतील, याचा विचार केला म्हणजे या अध्यायाचे खरे वजन कळते, आणि ते वजन तासांच्या हिशेबात नाही.

सर्वांत मोठी गोष्ट सव्विसाव्या व सत्ताविसाव्या वचनांत आहे. त्या काळच्या मिसरात (इजिप्तमध्ये) आणि मेसोपोटेमियात देवाची प्रतिमा म्हणून गौरव होई तो राजाचा. इथे ती प्रतिमा माणसाला, नर आणि नारी अशा दोघांना, एकाच वचनात दिली आहे. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक मंडळ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसांनी उभ्या केल्या आहेत. आपल्या पणजोबा-पणज्यांना ज्या समाजाने पाणवठ्याला हात लावू दिला नाही, त्याच समाजात त्यांनी ऐकले की ते देवाच्या प्रतिरूपाचे आहेत. पृथ्वी किती वर्षांची आहे हे त्यांनी या अध्यायाला विचारले नव्हते, आणि तरीही या अध्यायाने त्यांना ताठ उभे केले. वर्गातल्या मुलांना हे सांगितल्याशिवाय पहिला अध्याय शिकवून झाला असे समजू नका.

दुसऱ्या अध्यायाची मांडणी खरोखरच निराळी आहे, आणि मुलाने ती बरोबर ओळखली आहे. इथे पाऊस पडलेला नाही, जमीन कसायला कोणी नाही, परमेश्वर देव मातीचा मनुष्य घडवून त्याच्या नाकपुड्यांत जीवनाचा श्वास फुंकतो, बाग लावतो, मनुष्य एकटा असणे बरे नाही असे म्हणून पशुपक्षी घडवतो आणि शेवटी स्त्रीला आणतो. पहिल्या अध्यायात देव आज्ञा करतो. दुसऱ्यात तो गुडघे टेकून मातीत काम करणाऱ्या माणसाइतका जवळ येतो. दोन्ही मांडण्या ओढूनताणून एकाच क्रमात बसवण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, पण मला ते पटत नाहीत, कारण ज्यांनी हे दोन अध्याय एकामागे एक ठेवले त्यांना त्यांतला फरक दिसत होता आणि त्यांनी तो मिटवला नाही. शेताचा सातबारा आणि ती जमीन घरात कशी आली हे सांगणारे आजोबा, दोघेही खरेच बोलत असतात. कोणाला काय विचारायचे ते आपल्याला कळावे लागते. मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायात घटस्फोटाविषयी प्रश्न आला, तेव्हा प्रभू येशूने नर व नारी निर्माण केल्याचे वचन पहिल्या अध्यायातून घेतले आणि दोघे एकदेह होतील हे दुसऱ्या अध्यायातून घेतले, आणि दोन्ही एका दमात सांगितली. त्याला त्यांच्यातला फरक अडखळण नव्हता. लग्नाबद्दल देवाचे मन काय आहे हे त्याने त्या दोन्हींतून काढले. आपणही तसेच वाचावे, असे मला वाटते.

हे सारे विज्ञानाला भिऊन शोधलेले नवे अर्थ आहेत, असे ज्येष्ठ बंधू म्हणतील. तसे नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांद्रियाचा ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याने विचारले होते की सूर्य, चंद्र व तारे नसताना पहिला, दुसरा व तिसरा दिवस झाला असे कोणता समंजस माणूस मानील. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन (३५४–४३०) याने उत्पत्तीच्या आरंभावर आयुष्यात पाच वेळा लिहिले, आणि देवाने सर्व काही एकदमच उत्पन्न केले, सहा दिवस ही ते समजावून सांगण्याची रीत आहे, असे त्याचे मत होते. ऑगस्टीनला पृथ्वी कोट्यवधी वर्षांची वाटत होती असा मात्र दावा करू नका. तो तिचे वय सहा हजार वर्षांच्या आतलेच समजत होता. त्याच्याकडून घ्यायचे ते वेगळे आहे. आकाश, पृथ्वी, ताऱ्यांची गती यांविषयी अविश्वासी माणसाला जे अनुभवाने व बुद्धीने पक्के ठाऊक आहे, त्याविषयी ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने चुकीचे बोलणे लाजिरवाणे आहे, कारण मग तो ऐकणारा पुनरुत्थानाविषयी आपल्यावर विश्वास का ठेवील, असे त्याने बजावले होते. धर्मसुधारक कॅल्विनने १५५४ मध्ये उत्पत्तीवर भाष्य लिहिताना सांगितले की शनी चंद्राहून मोठा आहे हे ज्योतिर्विद सिद्ध करतात, मोशेने मात्र साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसते तसे लिहिले. ज्याला ज्योतिर्विद्या शिकायची असेल त्याने दुसरीकडे जावे. उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. कैसरियाचा बिशप बासिल याने या सहा दिवसांवर दिलेल्या प्रवचनांत शब्द सरळ अर्थानेच घेतले, आणि धर्मसुधारक ल्यूथरनेही. ख्रिस्ती मंडळीत या बाबतीत एकच मत कधीच नव्हते, आणि कोणत्याही एका मताला विश्वासाची अट केले गेले नव्हते. जगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाला, हा हिशेब आर्चबिशप अशर यांनी १६५० मध्ये मांडला. इंग्रजी बायबलच्या समासात तो पुढे छापला गेला, म्हणून तो शास्त्राचाच भाग आहे असे पुष्कळांना वाटू लागले.

ज्येष्ठ बंधू जे व्हिडिओ पाठवत असतील, त्यांतला विचार, म्हणजे सगळे खडक आणि जीवाश्म नोहाच्या जलप्रलयात एका वर्षात तयार झाले हा, बहुतांशी अमेरिकेत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकापासून पसरला. त्याच्या अर्धशतक आधी, शास्त्र प्रमादरहित आहे हे ज्यांच्याइतके जोरदारपणे फार थोड्यांनी मांडले, त्या अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्रज्ञ बी. बी. वॉरफिल्ड यांनी १९११ मध्ये लिहिले होते की मनुष्यजात किती जुनी आहे या प्रश्नाला धर्मशास्त्राच्या दृष्टीने महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सर्व माणसे एक आहेत याला. म्हणजे पृथ्वी जुनी मानणे ही शास्त्राशी फारकत आहे, हे त्या बंधूंचे म्हणणे खुद्द त्यांच्याच परंपरेला धरून नाही.

पहिले पान गेले तर पुनरुत्थान गेले, या युक्तिवादाचे उत्तर प्रेषित पौलाने दिले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमची घोषणा व्यर्थ आहे. आणि तो उठला याचा आधार म्हणून तो साक्षीदार पुढे करतो : केफा (म्हणजे पेत्र), बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, ज्यांतले बहुतेक ते पत्र लिहिले तेव्हा जिवंत होते. ज्यांना जाऊन विचारता येईल अशा माणसांची ही साक्ष आहे. सृष्टीच्या आरंभी मात्र कोणी साक्षीदार नव्हता, हे देव स्वतः ईयोबाला अडतिसाव्या अध्यायात बजावतो. हे दोन निरनिराळ्या प्रकारचे लेखन आहे, आणि दोन्हींना एकच माप लावून मुलाला 'एक तर सगळे, नाही तर काहीच नाही' असे सांगणे म्हणजे त्याला आपणच दाराबाहेर ढकलणे आहे. असे सांगून आपण कित्येक हुशार मुले गमावली आहेत, आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे.

खरा कठीण प्रश्न आदामाचा आहे, आणि मुलगा आज ना उद्या तिथे पोहोचेल. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आदाम आणि ख्रिस्त यांना समोरासमोर ठेवतो. एकाच्या आज्ञाभंगाने पाप आणि मरण आले, एकाच्या आज्ञापालनाने नीतिमत्त्व आणि जीवन. इथे देवभीरू अभ्यासकांत मतभेद आहेत. आदाम ही इतिहासातली एक व्यक्ती, आपल्या सर्वांचा पहिला पूर्वज, असे कोणी मानतात. माणसे आधीपासून होती, त्यांतल्या एका जोडप्याला देवाने स्वतःची ओळख देऊन सर्वांच्या वतीने उभे केले, असे इंग्लंडचे धर्मोपदेशक जॉन स्टॉट यांना शक्य वाटत होते. आदामाच्या कथेत प्रत्येक माणसाची कथा आहे असे आणखी कोणी म्हणतात. कॅथलिक मंडळीत पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उगमाविषयी संशोधनाला वाट मोकळी ठेवली, पण आत्मा देव स्वतः निर्माण करतो आणि आदामाचे पाप खरोखर घडलेले आहे, हे सोडले नाही. माझा कल दुसऱ्या मताकडे आहे, कारण पाप हे देवाच्या घडणीतले न्यून नसून कधीतरी, खरोखर, माणसाने फिरवलेली पाठ आहे, हे मला पौलाच्या म्हणण्यातून काढून टाकता येत नाही. एवढे राखले, की पाप देवाने केले नाही, त्यातून कोणी माणूस सुटला नाही, आणि त्यातून सोडवणारा एकटा ख्रिस्त आहे, तर बाकीच्या बाबतीत मुलाला शोध घेऊ द्या. आदामाचा मुलगा काइन याची बायको कुठून आली हा प्रश्न वर्गात हमखास येईल. चौथ्या अध्यायाला त्याची फिकीर नाही, काइनाला ठार मारतील अशी इतर माणसे तो गृहीतच धरतो, एवढे सांगून पुढे जावे.

आता मुलाशी काय बोलावे. ऑगस्टीन तरुणपणी मानी नावाच्या धर्मगुरूच्या पंथात शिरून उत्पत्तीची टवाळी करत असे. त्याची आई मोनिका एका बिशपाकडे गेली आणि माझ्या मुलाशी वाद घालून त्याला परत आणा म्हणून विनवू लागली. बिशपाने नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, त्याच्यासाठी प्रार्थना करा, वाचता वाचता त्याचे त्यालाच कळेल, असे तो म्हणाला, कारण तो स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढून वाचनानेच बाहेर पडला होता. ती पुन्हा पुन्हा रडू लागली, तेव्हा एवढ्या अश्रूंचा मुलगा नाश पावणार नाही असे सांगून त्याने तिला परत पाठवले. आपणही वाद घालू नका. मुलाला सांगा की घाटात तू जे बोललास ते मला पटले, आणि त्या वेळी माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपल्या तोंडून हे ऐकणे त्याला दहा व्हिडिओंहून जास्त उपयोगी पडेल. मग विचारा, की पहिल्या अध्यायाचे तीन-तीन दिवस फळ्यावर समोरासमोर मांडायला तू माझ्या वर्गात येशील का. तो नाही म्हणाला तर आग्रह करू नका, आणि उपासनेला येण्यावरून रविवारी सकाळी घरात बोलणी नकोत.

वर्गातल्या लहान मुलांना पृथ्वीच्या वयाचा वाद सांगण्याची गरज नाही, पण पुढे खोटे ठरेल असे काही शिकवू नका. कथा शास्त्रात आहे तशीच सांगा, वरचे पदर न लावता. मोठ्या मुलांनी विचारले, तर ख्रिस्ती लोक हे सहा दिवस निरनिराळ्या प्रकारे समजतात असे सांगा, आणि आपले मतही सांगा. गोव्यात १६१६ मध्ये इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त उत्पत्तीची हीच कथा मराठी ओव्यांत सांगितली. ती रचनाच श्रोत्यांच्या प्रश्नांना पाद्रीगुरू उत्तरे देत पुढे नेतो अशी आहे. मुलांनी प्रश्न विचारावेत आणि ओवी गात हे अध्याय ऐकावेत, ही आपल्याकडे चारशे वर्षांची रीत आहे. एकोणिसावे आणि एकशे चारावे स्तोत्र याच धड्यांना जोडून घ्या; सृष्टीकडे पाहून स्तुती कशी करावी हे मुलांना तिथे मिळेल.

राहिले ते ज्येष्ठ बंधू. त्यांना टाळू नका, घरी जाऊन भेटा. तेही आपल्या मुलाच्या काळजीपोटीच हे करत आहेत, आणि सहा दिवस चोवीस तासांचे मानूनही माणूस प्रभूचा खरा शिष्य असू शकतो. त्यांच्याबरोबर प्रेषितांचा मतांगीकार म्हणून पाहा : त्यात देवबाप हा आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता आहे असे आहे, किती दिवसांत ते नाही. एवढ्यावर आपण, ते आणि आपला मुलगा तिघेही एकत्र उभे राहू शकता असे त्यांना सांगा, आणि मुलाला व्हिडिओ पाठवणे आजपासून थांबवावे, हेही नम्रपणे पण स्पष्ट सांगा.

ख्रिस्तात आपला बंधू